दादा, पिकअपच्या स्क्रीनसाठी मनापासून आभार

राम राम दादा,

लातूरला रिंग रोडच्या दुकानात एवढी गिऱ्हाइकं उभी असताना तुम्ही आमच्या जुन्या पिकअपसाठी वेळ काढला, फोनवर थँक्यू म्हणलो होतो पण मन भरलं नाही म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलोय.

गाडी 2016 ची, इंजिन अजून एक नंबर. पण स्क्रीनवर नवीन मोबाईल ब्लूटूथला जोडला की हँग, तारीख जवळपास 20 वर्षं मागची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिव्हर्स टाकला की कॅमेरा काळा. सोयाबीनचे कट्टे भरून मोंढ्यात गाडी मागं घ्यायची तर मागं हमाल असतेत, हातगाडे असतेत, जीव नुसता टांगणीला लागायचा. जिथं विचारलं तिथं एकच, अख्खं युनिट, म्हणजे स्क्रीनसकट आतली मशीनच, बदला.

तुम्ही एकटेच म्हणलात, थांबा, नुसतं सॉफ्टवेअर नवीन टाकून बघू, आधी स्क्रीनवर सॉफ्टवेअरचं व्हर्जन अन् पार्ट नंबर दिसतो त्या पानाचा फोटो पाठवा, मग बोलू. गाडी तीच, स्क्रीन दिसायला तशीच, तरी आतलं युनिट वेगळं असू शकतं आणि चुकीची फाइल टाकली की ते कायमचं बंद पडू शकतं, हे तुम्ही आधी सांगितलं. तारखेचं तर मला लई नवल वाटलं. स्क्रीन तारीख जीपीएसवरून घेते, अन् जुन्या जीपीएस सिग्नलमधी आठवडे 0 ते 1023 एवढेच मोजता येतेत, मग परत शून्य, 2019 च्या एप्रिलमधी तसंच झालं, आणि ज्या युनिटच्या सॉफ्टवेअरला हा हिशोब सांभाळता येत नाही त्याची तारीख 1024 आठवडे मागं जाते. म्हणजे बॅटरीचा काही संबंधच नाही. इतकं उलगडून कोण सांगतंय हो आजकाल.

मग नवीन सॉफ्टवेअर कसं टाकायचं ते सांगितलं: पेनड्राइव्ह एफएटी32 (फॉरमॅटचा एक प्रकार) मधी फॉरमॅट करा, सॉफ्टवेअरची झिप उघडून आतली फाइल थेट त्याच्यावर ठेवा, फोल्डरमधी नको, नाव बदलू नका. गाडी शेडच्या बाहेर काढून न्यूट्रलला, हँडब्रेक लावून, इंजिन चालू ठेवा, कारण अर्ध्यात करंट कमी पडला तर सगळंच गेलं. सॉफ्टवेअर किती टाकून झालं ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी मधीच थांबली तेव्हा मी घाबरून फोन केला तर तुम्ही जेवण सोडून बोलत बसलात, हात लावू नका, ते स्वतःच बंद होऊन चालू होईल म्हणलात. झालंही तसंच.

आता रिव्हर्स टाकला की चित्र लगेच येतंय, तारीख बरोबर, फोन जुळतोय. रेडिओची स्टेशनं तेवढी उडाली होती, अण्णांचं आकाशवाणीचं परत लावून दिलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत ते मला अजून पटलेलं नाही. शेजारच्या गावात एकाची हीच गाडी आहे, त्याला तुमच्याकडं पाठवायलोय, फोटो काढूनच जा म्हणून बजावलंय. आणि हुरड्याला वहिनी-लेकरांना घेऊन रानात यायचंच, नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
रेणापूरचा पिकअपवाला