आप्पांच्या विहिरीत मगर का निघाली नाही

ती. आप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, ‘तिकडे दगडात मगरी सापडतात म्हणे, मंग आपली हिरमा कसी निंघनी नही?’ तेव्हा हसले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. काल सुटी होती, इकडे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रेजिस गावाला जाऊन आले. एक्सेटरहून अ‍ॅक्समिन्स्टरपर्यंत रेल्वे, पुढे बस.

गाव समुद्राला खेटून. कडे राखाडी, चुनखडीचा एक थर, मऊ चिखलदगडाचा एक, पुन्हा चुनखडी, जशी घडी घालून रचलेल्या गोधड्यांची चळत. हिवाळ्यात पावसावादळानं कडा ढासळतो, लाटा चिखल धुऊन नेतात आणि आतलं उघडं पडतं. हे थर १९-२० कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा इथे उबदार, उथळ समुद्र होता. तळाच्या गाळात पुष्कळदा प्राणवायू इतका कमी असे, की मेलेलं जनावर खाली पडलं तर कुरतडायला फारसं कोणी नसायचं. वरून गाळ साचत गेला, सांगाडे टिकले.

त्यातलं मुख्य जनावर इक्थिओसॉर, म्हणजे तुमची ती ‘मगर’. रूप माशाचं, जात सरपटणाऱ्यांची. श्वास घ्यायला पाण्यावर यावं लागे, आणि अंडी न घालता समुद्रातच पिल्लं व्यायची! जर्मनीत होल्झमाडेनला पोटात पिल्लं असलेल्या माद्याच दगडात सापडल्यात. काहींचे डोळे २० सेंटिमीटरहून मोठे, भोवती हाडांच्या पट्ट्यांचं कडं. त्यांची विष्ठासुद्धा दगड होऊन राहिली आहे. फोडली की आत माशांची खवलं दिसतात. तुम्ही गुरांचं शेण बघून चारा ओळखता, तसंच हे.

इथल्या मेरी अ‍ॅनिंगचं तुम्हाला सांगायलाच हवं. बाप सुतार, १८१० मध्ये कर्ज मागे ठेवून वारला. घर चालवायला पोरं किनाऱ्यावर दगड वेचून पाहुण्यांना विकायची. १८११ मध्ये भाऊ जोसेफला इक्थिओसॉरची कवटी दिसली, पुढच्या वर्षी मेरीनं बाकीचा सांगाडा शोधला. वय बारा-तेरा. १८२३ मध्ये तिनं लांब मानेचा प्लेसिओसॉर काढला. पण लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी, म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञांची संस्था, बायकांना सदस्य करत नव्हती. हाडं हिनं काढायची, निबंध साहेबांनी वाचायचे. गावात तिचा पुतळा उभा राहायला २०२२ उजाडलं. पुतळ्यापाशी मी बराच वेळ उभी होते, राग येत होता.

आता तुमची विहीर. वर काळी, खाली मुरूम, त्याखाली सुरुंगानं फोडलेला काळा पाषाण. तो पाषाण गाळाचा नाहीच, थिजलेला लाव्हा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. इक्थिओसॉर त्याच्या दोन-अडीच कोटी वर्षं आधीच संपले होते. आणि उकळत्या दगडात हाड राहील कसं? विहिरीतून निघालेल्या, तुम्ही ओट्यावर मांडून ठेवलेल्या त्या चमकत्या गारा म्हणजे लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पाण्यानं आणून बसवलेली खनिजं.

पण समुद्र आपल्यापासून फार लांब नव्हता. सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात बाघ नावाच्या गावाजवळच्या थरांत सागरी शंखशिंपले सापडतात. आणि कच्छमध्ये लोडाईजवळ मिळालेल्या साडेपाच मीटरच्या इक्थिओसॉरची बातमी २०१७ मध्ये आली होती.

किनाऱ्यावर मला मात्र एकही हाड मिळालं नाही. मिळाला तो अ‍ॅमोनाइट, गुंडाळलेल्या शिंपल्याचा बोटभर दगड. हातात घेतला आणि मायचं देवघर आठवलं. गंडकीचा शाळिग्राम म्हणजे हाच प्राणी, आप्पा! समुद्रातला जीव इतकी वर्षं आपल्याच घरात तुळस वाहून घेतोय. मायला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तासभर फोन ठेवायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी अभिषेक मात्र दुप्पट करेल.

दिवाळीला येताना तो दगड आणते. तुमच्या गारांशेजारी ठेवायला जागा करून ठेवा.

तुमची,
बेबी