गुरुजी, आपण दिलेल्या त्या एका दुव्याबद्दल

आदरणीय गुरुजींना सादर प्रणाम.

आपले नाव कुठेही लिहू नये ही आपली अट पाळून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आभार खासगी पत्रातूनही मानता आले असते. पण माझ्या लेखाकडे आपल्या लेखातून न मागता दुवा (लिंक) देऊन आपण जे केलेत त्याला पैसा लागत नाही, ओळख लागत नाही, आणि तरीही मराठीत लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे जण ते करतात. म्हणून ते चारचौघांत सांगावे असे वाटले.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या मालगुजारी तलावांवर, म्हणजे मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या गावतलावांवर, लिहितो, हे आपल्याला ठाऊक आहे. तलावाची पाळ कोणत्या मातीची, पाणी सोडण्याचे तुडुम कसे बांधलेले, देवधान हे रानटी भात कुठल्या काठाला उगवते, बेशरम या माजणाऱ्या झुडपाने कोणता तलाव गिळला आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांचे त्यापायी काय झाले, असे ते लेखन आहे. बरेचसे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेले आणि काठावर उभे राहून पाहिलेले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची देखभाल करणाऱ्या गावाचा त्यांच्यावरचा हक्क सैल होत गेला, हा इतिहास पुस्तकांत त्रोटक सापडतो. पण अमुक गावच्या अमुक तलावाचे तुडुम कधी बुजले, हे गावातल्याच कोणीतरी लिहावे लागते. ते मी लिहीत होतो आणि ते कोणाला सापडत नव्हते. गूगलवर तलावाचे नाव टाकले की आधी सहलींच्या जाहिराती यायच्या, मग हॉटेलांची यादी यायची, आणि माझे पान कितव्या पानावर आहे हे पाहण्याइतका धीर कोणत्याच वाचकाला नसतो.

दरम्यान ज्यांनी मदत केली नाही, त्यांचाही उल्लेख येथे करतो. बातम्या देणाऱ्या एका संकेतस्थळाने माझा एक लेख छायाचित्रांसकट उचलून आपल्या पानावर लावला; खाली ना नाव, ना दुवा. मी कळवले तेव्हा उत्तर आले की, तुमच्या विषयाला प्रसिद्धी मिळाली, यात आनंद माना. नंतर गंमत अशी झाली की शोध घेतल्यावर त्यांचे पान वर दिसू लागले आणि मूळ लेख खाली राहिला, कारण त्यांच्याकडे दुवे देणारे पुष्कळ होते. त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणचे एक ‘डिजिटल’ तज्ज्ञ भेटले. पाचशे बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या पानांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) अमुक रुपयांत, असा त्यांचा दर होता. त्या कुठून येणार, असे विचारल्यावर त्यांनी नमुना म्हणून जी यादी दाखवली, तीत परदेशी जुगाराची पाने होती आणि कुठल्या कुठल्या लेखांखालच्या प्रतिक्रिया होत्या. धानाच्या बांधीशी किंवा तलावाशी नाते असलेले त्यात एकही पान नव्हते. प्रतिक्रियांमधून पेरलेल्या अशा दुव्यांचा सुळसुळाट झाला म्हणूनच 2005 साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली, आणि ती खूण असलेल्या दुव्याचे वजन पुढच्या पानाला मिळेनासे झाले. एप्रिल 2012 मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला, त्यात विकतच्या आणि बनावट दुव्यांवर वर आलेली पाने धडाधड खाली गेली. हे त्या तज्ज्ञांना ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. ठाऊक असूनही विकत होते, हे मला जास्त बोचले.

तिसरा अनुभव ब्लॉगलेखकांच्या एका व्हॉट्सअॅप गटाचा. तेथे ‘मी तुमची लिंक लावतो, तुम्ही माझी लावा’ असा व्यवहार रोज चाले. कोण काय लिहितो, हे कोणी वाचत नसे. पाककृतीच्या पानावर कर्जाची लिंक, कर्जाच्या पानावर राशिभविष्याची. केवळ परस्परांना वर आणण्यासाठी अशा देवाणघेवाणीचा अतिरेक करणे गूगलच्या नियमांत बसत नाही, हे मी एकदा सांगून पाहिले, तर ‘सर, तुम्ही तलावच सांभाळा’ असे उत्तर मिळाले. तसे ते खरेच होते.

गुरुजी, आपल्याला हे सांगण्याची गरज नाही, पण पत्र इतरही वाचतील म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी 1998 साली जी पद्धत जगापुढे ठेवली, तिचा गाभा असा होता की एखाद्या पानाची किंमत त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरवावी, आणि दुवा देणारे पान स्वतः जितके वजनदार, तितके त्याच्या दुव्याला महत्त्व द्यावे. आपल्याकडच्या साखळी तलावांत वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरतो, तसेच हे आहे: वरच्याकडे पाणी असेल तरच खालच्याला मिळते, आणि ते जितक्या पाटांत वाटले जाईल तितके प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. व्हॉट्सअॅपचा तो गट म्हणजे एकमेकांना पाणी देऊ पाहणारे कोरडे तलाव होते. त्या पद्धतीत आणखी एक गोष्ट पहिल्यापासून होती, ती म्हणजे दुव्याच्या शब्दांचा विचार. ज्या शब्दांवर बोट ठेवून वाचक पलीकडे जातो, ते शब्द पलीकडच्या पानाचे वर्णन म्हणून धरले जातात. ‘येथे क्लिक करा’ असे लिहिले तर पलीकडे काय आहे हे ना वाचकाला कळते, ना गूगलला. पुढे गूगलने इतर अनेक निकष जोडले, आज दुवा हा त्यांपैकी एक आहे. पण त्याचे मोल संपलेले नाही.

आता मुख्य गोष्ट. संकेतस्थळाच्या मालकासाठी गूगलची ‘सर्च कन्सोल’ नावाची सोय आहे, तीत बाहेरून आलेल्या दुव्यांचा तक्ता असतो. त्या तक्त्यात एके दिवशी आपल्या पानाचा पत्ता दिसला. आपण मला कळवले नव्हते, मी आपल्याला कधी विनंती केली नव्हती, आपली माझी ओळखही नव्हती. सारस पक्ष्यावरचा आपला जुना लेख गोंदिया-भंडाऱ्याकडचे पक्षीप्रेमी वर्षानुवर्षे वाचत आले आहेत. तोच लेख आपण पुन्हा उघडला होता. सारसाला तलावाच्या उथळ काठावर खाद्य कसे मिळते हे सांगणारा जो परिच्छेद आहे, त्याच्या मध्यावर आपण दुवा घातला होता, आणि दुव्याचे शब्द होते, ‘मालगुजारी तलावाचे तुडुम आणि पाळ’. त्याच्या पुढे आपण एक वाक्य लिहिले होते: ‘हे मी येथे पुन्हा सांगत नाही, ज्यांनी काठावर उभे राहून लिहिले आहे, त्यांच्याकडे वाचकांनी जावे.’

गुरुजी, ते वाक्य मी कितीदा वाचले ते सांगत नाही. दुवा देणारे अनेक जण तो लेखाच्या अगदी शेवटी, यादीत, कोपऱ्यात टाकतात, म्हणजे दिल्यासारखेही होते आणि वाचक हातचा जातही नाही. आपण भरल्या परिच्छेदातून, जेथे वाचक सर्वांत गुंतलेला असतो तेथून, त्याला उठवून माझ्याकडे पाठवलेत. तेही माझ्या मुखपृष्ठावर नव्हे, तर नेमक्या तुडुमाच्या लेखावर. म्हणजे आपण सगळे वाचून त्यातला कोणता लेख आपल्या वाचकाच्या उपयोगाचा, हे ठरवले होते. आपल्याला तुडुमाबद्दल दोन ओळी लिहिता आल्या नसत्या का? आपले सारे आयुष्य त्याच गावांत शिकवण्यात गेले आहे, माझ्याहून अधिक लिहिता आले असते. ते न लिहिता आपण जागा सोडलीत.

त्यानंतर जे घडले ते हळूहळू घडले, आणि सगळे श्रेय एका दुव्याला देणे खरेपणाचे होणार नाही. मी आभाराचे चार शब्द कळवले, तेव्हा आपण उत्तरात एवढेच सुचवलेत की माझ्या तलावाच्या लेखातून देवधानाच्या लेखाकडे आणि तेथून माशांच्या लेखाकडे वाट असावी. ती मी करून घेतली. आपला लेख वाचून झाडीबोलीवर, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीवर, लिहिणाऱ्या एका बाईंनी माझ्याकडे दुवा दिला. त्यांच्या पानावरून धानाच्या जुन्या वाणांवर लिहिणारे एक शेतकरी आले, त्यांनी दिला. यांपैकी कोणालाही मी मागितला नव्हता, आणि मी त्यांच्याकडे जे दुवे दिले ते त्यांचे लेखन माझ्या विषयाला धरून आहे म्हणून, फेड म्हणून नव्हे. आता तुडुम किंवा मालगुजारी तलाव असा शोध घेतला की माझे पान वरच दिसते आणि चोरलेला तो लेख त्याच्या खाली. परवा लाखांदूरकडच्या एका मत्स्य सहकारी संस्थेच्या सचिवांचा फोन आला होता. तलावातले बेशरम काढल्यावर काठाला पुन्हा कोणत्या वनस्पती लावाव्यात हे शोधताना ते माझ्या पानावर पोहोचले होते. पत्ता कसा मिळाला, असे विचारले तर म्हणाले, ‘सारसाचं वाचत होतो, तिथून आलो.’

आपल्यासारखी माणसे आपल्या भागात अजून आहेत, हे मी विसरत चाललो होतो. शाळेत परीक्षा घ्यायला आलेले बाहेरचे मास्तर एखाद्या मुलाचे अक्षर चांगले दिसले तर त्याच्या गुरुजींना मुद्दाम जाऊन सांगत, अशी एक रीत माझ्या लहानपणी होती. त्यात कोणाचा फायदा नसे. दुसऱ्याच्या कामाचे नाव घेऊन सांगणे, आणि सांगताना त्यात आपलेही काही घुसडून न देणे, हे सभ्यपणाचे लक्षण मानले जाई. इंटरनेटवर ती रीत चालणार नाही, तेथे फक्त हिशेब चालतो, असे मला त्या तज्ज्ञांपासून गटातल्या मंडळींपर्यंत सर्वांनी पटवायचा प्रयत्न केला. त्यांच्या हिशेबात आपण बसत नाही, यात दोष हिशेबाचा आहे.

एक लहानसे काम मात्र मला करू द्यावे. आपल्या त्याच लेखाच्या शेवटी सारसांच्या गणनेच्या जुन्या अहवालाचा जो दुवा आहे, तो आता उघडत नाही. सरकारी संकेतस्थळाची रचना बदलल्यामुळे अहवाल दुसऱ्या पत्त्यावर गेला आहे. मी तो शोधून काढला आहे आणि नवा पत्ता आपल्याला वेगळ्या पत्राने पाठवत आहे. सवड मिळेल तेव्हा बदलून घ्यावा.

आपला नम्र,
अर्जुनी मोरगाव तालुक्यातला एक तलावलेखक