घर न विकण्याविषयी मुलास पत्र

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विकासकाच्या माणसांनी मला डावलून तुला फोन केला आणि आईची समजूत घालण्याची गळ घातली, हे तुझ्या पत्रावरून कळले. तू काळजीपोटीच लिहिले आहेस, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही घर न विकण्याचा माझा निर्णय कायम आहे, आणि त्याची कारणे तुला माझ्याकडूनच कळावीत म्हणून हे लिहीत आहे.

कराराचा मसुदा मी भिंग घेऊन तीन वेळा वाचला. नव्या इमारतीत सदनिका मिळेल, परंतु ताबा तीन वर्षांनी, आणि मुदतवाढ त्यांच्या सोयीने. ७८व्या वर्षी एवढी वाट पाहण्याचे मी कशाच्या भरवशावर कबूल करू?

माझी दृष्टी किती अधू झाली आहे, हे मी तुला आजवर पुरते सांगितले नाही. रात्री उठते तेव्हा दिवा लावूनही फारसे दिसत नाही. पलंगाची कड, मग कपाटाचा कोपरा, मग तुझी उंची मोजताना दाराच्या चौकटीवर पाडलेल्या खाचा, अशी हाताने चाचपत मी न्हाणीघरापर्यंत जाते. सर्वांत वरची खाच बोटांना लागली की उजवीकडे वळायचे. दुसऱ्या घरात ही वाट मला नव्याने शिकता येणार नाही.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात ईडिथ मेसफील्ड यांनी २००६ साली सुमारे दहा लाख डॉलर नाकारले आणि त्यांच्या लहानशा घराच्या तिन्ही बाजूंनी व्यापारी संकुल उभे राहिले. त्याच बांधकामावर देखरेख करणारे बॅरी मार्टिन पुढे त्यांना डॉक्टरांकडे नेत, त्यांच्यासाठी स्वयंपाकही करीत. २००८ साली, ८६व्या वर्षी, त्या त्याच घरात वारल्या आणि घर मार्टिन यांच्या नावे ठेवून गेल्या. हे वाचल्यापासून बांधकामावरच्या माणसांविषयी माझ्या मनातला राग बराच निवळला आहे. त्यांनी शेजारी खुशाल बांधावे.

माझ्या पश्चात घर तुझे आहे. तेव्हा ते विकलेस तर मनाला लावून घेऊ नकोस. ती चौकट जपलीच पाहिजे, असेही माझे म्हणणे नाही. आज मात्र माझ्या वतीने त्यांना कोणताही शब्द देऊ नकोस, आणि कुलमुखत्यारपत्राचा विषय निघाला तर स्पष्ट नकार दे.

पुढच्या खेपेस येशील तेव्हा मागच्या दाराच्या पायऱ्यांना कठडा बसवून घेऊ. तिथे डाव्या हाताला काहीच आधार नाही.

तुझी,
आई