संशोधन कशावर झालं, तेही छापा

महोदय,

कालच्या अंकात पान ५ वर आपल्याच भागातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीला पीएच.डी. मिळाल्याची बातमी वाचली. पोरीचं मनापासून अभिनंदन. बातमीचं मात्र करता येत नाही. तीन कॉलमी फोटो, शाल, पुष्पगुच्छ आणि अभिनंदन करणाऱ्यांची नावं. मी मोजली, अकरा भरली. तिनं उमेदीची वर्षं ज्यात घातली ते काम अर्ध्या ओळीत उरकलं : ‘सापाच्या विषाचे परिणाम या विषयावर’. कोणता साप? कसला परिणाम? उद्या दवाखान्यात त्यानं काय बदलेल? वार्ताहरानं तिला एवढंही विचारू नये?

मी चिडलोय त्याला कारण आहे. १९९४ च्या मृगात माझा धाकटा भाऊ शेतातल्या आखाड्यावर घोंगडी टाकून खालीच झोपला होता. पहाटे पोट धरून घरी आला. रात्रीच्या डब्यातलं पिठलं बाधलं म्हणून मायनं ओवा-मीठ दिलं. गावातल्या डॉक्टरांनी पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. नऊच्या सुमारास म्हणाला, “दादा, मला समदं दोन-दोन दिसायलंय.” मग पापण्या मिटल्या त्या उघडेनात. अंगावर सूज नाही, रक्त नाही, कसली खूण नाही. मायला बघायचंय म्हणाला तेव्हा मी अंगठ्यानं त्याची पापणी वर धरली. जीप मिळेपर्यंत दुपार झाली आणि नांदेडच्या अर्ध्या वाटेत त्याची छाती हलायची थांबली.

माय त्यानंतर १७ वर्षं जगली. आमच्या घरात पुन्हा पिठलं झालं नाही. “माझ्याच हातानं लेकरू गेलं,” हे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली.

ती गेल्यावर दोन वर्षांनी एका तरुण डॉक्टरनं मला समजावून सांगितलं, तो मण्यार होता. त्याचे दात इतके बारीक की झोपेतल्या माणसाला चावल्याचं कळतही नाही. पहाटेची पोटदुखी हीच पहिली खूण. मज्जातंतूच्या टोकाला जी रसायनं स्नायूला ‘हल’ म्हणून सांगतात, त्यांचा साठा हे विष संपवतं आणि ते टोकही मोडतं. म्हणून आधी पापण्या पडतात, मग गिळणं जातं, शेवटी श्वास. सर्पविषावरची लस रक्तात फिरणारं विष धरते, पण मोडलेलं टोक जोडत नाही. ते शरीरालाच पुन्हा उभारावं लागतं आणि तोवर काही दिवस यंत्रानं श्वास द्यावा लागतो. एवढं कुणी वेळेत सांगितलं असतं तर निदान पिठल्याचा डाग तरी मायच्या जिवाला लागला नसता. पीएच.डी.चे प्रबंध यासाठी असतात, संपादक महाशय.

आजार शरीरात नेमका चालतो कसा, हे कळल्यावर औषध सापडतं याचा दाखला आपल्या मराठवाड्याच्याच माणसानं दिलाय. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसले. विषानं शरीरातच उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा सुटतो आणि हृदय कोलमडतं, हे त्यांनी ओळखलं आणि रक्तदाबाची साधी प्राझोसिन गोळी वापरली. मृत्यू ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही त्यांचाही फोटो मोठा छापला होता.

देशात सर्पदंशानं वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे. लस बनवायला लागणारं विष बहुतांश तमिळनाडूतल्या सापांचं असतं आणि एकाच जातीच्या सापाचं विष मुलखागणिक बदलतं, हे अभ्यासांतून दिसलंय. मग आमच्या काळ्या रानातल्या सापांचं विष कुणी तपासलंय का? ती लस इथं किती लागू पडते? त्या मुलीला आधी हे विचारायला हवं होतं. अजूनही विचारा. वार्ताहर पुन्हा पाठवा, तिला अर्धं पान द्या, आणि मजकूर सालगड्यालाही वाचून कळेल अशा मराठीत घ्या. त्या अकरा नावांची जागा त्याला पुरेल.

जाता जाता आणखी एक. गेल्या पावसाळ्यात तुम्ही ‘मण्यारपासून सावधान’ म्हणून जो फोटो छापलात, तो बिनविषारी कवड्याचा होता. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचं बरोबर उलटं. मी तेव्हाही पत्र पाठवलं होतं, दुरुस्ती आली नाही. मृग जवळ आलाय. या वर्षी छापण्याआधी एखाद्या सर्पमित्राला फोटो दाखवून घ्या.

– एक निवृत्त शिक्षक, वसमत, जि. हिंगोली