सायलेशियाचा घास

संपादक महोदय,

प्रशिया या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक याचे गोडवे गाताना सायलेशियाचा, त्याने ऑस्ट्रियाकडून बळकावलेल्या प्रांताचा, विसर पडतो, याचे वाईट वाटते. ऑक्टोबर 1740 मध्ये ऑस्ट्रियाचा शासक सम्राट सहावा चार्ल्स वारला आणि त्याच्या 23 वर्षांच्या मुलीकडे, मारिया थेरेसाकडे कारभार आला. तिचा वारसाहक्क प्रशियाने आधीच मान्य केला होता. तरीही डिसेंबरात, ऐन थंडीत, फ्रेडरिकने सायलेशियात सैन्य घुसवले. डोळा होता तिथल्या महसुलावर, लिननच्या व्यापारावर. मोलविट्झच्या लढाईत तर राजा रण सोडून गेला. लढाई जिंकली ती सेनापती श्वेरीनने! या प्रांतापायी 1763 पर्यंत तीन युद्धे झाली. फ्रेडरिकच्या या आक्रमणातून पेटलेल्या ऑस्ट्रियन वारसायुद्धाची झळ थेट आपल्यापर्यंत आली. 1746 मध्ये फ्रेंचांनी घेतलेले मद्रास 1748 च्या तहात इंग्रजांना परत मिळाले, कॅनडातील लुईसबर्ग किल्ल्याच्या बदल्यात. मद्रासच्या रहिवाशांना विचारतो कोण? शालेय पुस्तकांत हा सौदाही यायला हवा.

- एक वाचक, पुणे