कुत्र्यांना औषध बाधले, तर नोंद कुठे करायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरू लागला की कुत्र्यांच्या अंगावर गोचीड, पिसवा आणि खरूज यांचा सुकाळ होतो आणि त्याबरोबर आयव्हरमेक्टिन या औषधाचा खपही वाढतो. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने कोविडवरचा उपाय म्हणून अठरा वर्षांवरील सर्वांना याच्या गोळ्या देण्याचे जाहीर केले तेव्हा हे नाव घरोघरी पोचले. गोठ्याला आणि जनावरांच्या दवाखान्याला मात्र ते त्याच्या कितीतरी आधीपासून परिचयाचे आहे. पशुसंवर्धन खात्यात सारी नोकरी करून निवृत्त झालेला मी एक पशुवैद्यक असून या औषधाने माझे काम किती हलके केले हे मी विसरलेलो नाही. जनावरांसाठी ते १९८१ मध्ये बाजारात आले, पुढे आफ्रिकेत नदीकाठच्या वस्त्यांना अंधत्व आणणाऱ्या रोगावर त्याचा फार मोठा उपयोग झाला आणि त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्बेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा पुढील मजकूर या औषधाच्या विरोधात लिहिलेला नाही. कुत्र्यांच्या एका घराण्याला ते नेहमीच्या डोसातही मानवत नाही, आणि एखाद्या जनावराला औषध बाधले तर त्याची नोंद आपल्याकडे दवाखान्याच्या वहीपलीकडे जात नाही, या दोन गोष्टींकडे आपल्या वाचकांचे आणि शासनाचे लक्ष वेधावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

हे घराणे म्हणजे स्कॉटलंडकडच्या मेंढपाळांचा कोली आणि त्याचे भाऊबंद. लांबट तोंडाचा, दाट केसांचा आणि गळ्याभोवती पांढरी झूल असलेला रफ कोली अनेकांनी निदान चित्रात पाहिला असेल. आयव्हरमेक्टिन वापरात आल्यावर दोन-तीन वर्षांतच या जातीच्या कुत्र्यांविषयी तक्रारी येऊ लागल्या. इंजेक्शन दिल्यावर काही तासांत कुत्र्याच्या बाहुल्या विस्फारतात, तोंडातून लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, पुढे त्याला दिसेनासे होते आणि शेवटी ते बेशुद्ध पडते, असा तो प्रकार होता. त्याच डोसात लॅब्राडॉरला काही होत नव्हते आणि कोली मात्र आडवा पडत होता. पशुवैद्यकांनी या तक्रारी 'योगायोग' म्हणून सोडून दिल्या नाहीत, त्या लिहून ठेवल्या, कळवल्या आणि छापल्या. त्यामुळे कारण सापडायच्या कितीतरी आधी, पांढऱ्या पायांचा मेंढपाळी कुत्रा दिसला की हे औषध हातात घ्यायचे नाही, एवढा सावधपणा त्या व्यवसायात मुरला. कारण सापडायला २००१ साल उजाडले. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत कॅट्रिना मीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या कुत्र्यांच्या एमडीआर-१ नावाच्या जनुकातील चार अक्षरे गळालेली असतात.

या चार अक्षरांनी एवढा अनर्थ का व्हावा, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. आयव्हरमेक्टिन गोचीड, जंत आणि खरजेचे किडे यांच्या नसांवर घाला घालते. सस्तन प्राण्यांच्या मेंदूलाही ते बाधू शकते, पण रक्त आणि मेंदू यांच्या सीमेवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे एक प्रथिन असते, जे आत शिरू पाहणारे औषध सतत बाहेर लोटत राहते. विहिरीला झरा चालू असला तरी उपसा पंप चालू आहे तोवर पाणी वर चढत नाही. ज्या कुत्र्याला आईबापांकडून या जनुकाच्या दोन्ही सदोष प्रती मिळाल्या, त्याचा हा पंपच जन्मतः बंद असतो. म्हणून इतर कुत्री सहज पचवतात त्या डोसात कोलीच्या मेंदूत औषध साचत जाते. बरे, यावर नेमका उतारा नाही. श्वास चालू ठेवणे, सलाईन देणे, अंग गरम राखणे आणि वाट पाहणे, एवढेच पशुवैद्यकाच्या हाती उरते.

आपल्याकडे धोका वाढतो तो डोसाच्या हिशेबाने. हृदयातील जंत होऊ नयेत म्हणून कुत्र्याला महिन्याला जे आयव्हरमेक्टिन देतात ते किलोमागे अवघे ६ मायक्रोग्रॅम असते, आणि तेवढे सदोष जनुकाच्या कोलीलाही चालते. गाईला मात्र किलोमागे २०० मायक्रोग्रॅम लागते, म्हणून एक टक्क्याच्या बाटलीतले १ मिली औषध ५० किलो वजनाला, असा हिशेब पशुपालकांनाही पाठ असतो. आता २५ किलोच्या कुत्र्याला कोणी याच बाटलीतून 'लहानसेच आहे, एक मिली पुरे' असे म्हणून टोचले, तर किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम जातात. हा डोस त्या महिन्याच्या डोसाच्या साठपटीहून अधिक झाला, आणि संवेदनशील कोलीत बाधेची लक्षणे तर १०० मायक्रोग्रॅमच्या आसपासच दिसू लागतात. इन्सुलिनच्या बारीक सिरिंजने दशांश मिली मोजून घेणारा माणूस आणि जाड सिरिंजमध्ये अंदाजे ओढणारा माणूस यांच्यातला फरक बाटलीवर लिहिलेला नसतो.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात एका शेतघरावरचा असाच कोली दवाखान्यात आला होता. गोठ्यातल्या गाईंना टोचायला आलेल्या माणसाने उरलेल्या औषधातून त्यालाही गोचिडांसाठी टोचले होते. कुत्रा टेबलावर पाय पसरून पडलेला, जीभ बाहेर, डोळे उघडे आणि डोळ्यावर टॉर्च धरली तरी बाहुली हलत नव्हती. पापणी मिटत नसल्यामुळे डोळे कोरडे पडू नयेत म्हणून त्यांत मलम घालावे लागे, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर काही तासांनी कूस बदलावी लागे आणि लघवीसाठी नळी ठेवावी लागली. घरच्या मंडळींनी पाळ्या लावून हे सारे केले, म्हणून आठवडा उलटल्यावर कुत्रा उठून बसला. ही सेवा ज्याच्या घरी होऊ शकत नाही त्याचा कुत्रा जातो, आणि मालकाला वाटते की त्याला साप चावला. आमच्या रोग नोंदवहीत त्या दिवशी 'विषबाधा' एवढा एक शब्द पडला. कोणती जात, कोणते औषध, किती मिली, कोणत्या बॅचचे, किती तासांनी लक्षणे दिसली, यांसाठी त्या वहीत रकाने नव्हते आणि ही माहिती पाठवावी असा पत्ताही आमच्यापाशी नव्हता.

कोली महाराष्ट्रात असून असून किती असतील, असे कोणी म्हणेल. पण हा दोष एकट्या कोलीचा नाही. अमेरिकेतील तपासण्यांत सुमारे सत्तर टक्के कोलींत आणि निम्म्या ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये ही सदोष प्रत आढळली, शेटलंड शीपडॉगमध्ये ती आहे आणि आपल्या बंगल्याबंगल्यांवर दिसणाऱ्या जर्मन शेफर्डमध्येही दहातल्या एखाद्यात सापडते. बॉर्डर कोलीत प्रमाण बरेच कमी आहे, पण शून्य नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा दोष अनेक जातींत एकाच पूर्वजाकडून आल्याचे दाखवले. तो पूर्वज ब्रिटनमध्ये, जातींच्या वंशावळी बंदिस्त होण्याआधी, म्हणजे साधारण १८७० च्या दशकापूर्वी होऊन गेला. एका कुत्र्याचे देणे दीडशे वर्षांनंतरही इतक्या जातींत फिरत असेल, तर ते संकरित पिल्लांतही उतरणारच, आणि आपल्याकडे 'शेफर्ड मिक्स' म्हणून घरी येणाऱ्या पिल्लांच्या आईबापांची चौकशी कोण करतो?

शिवाय प्रश्न आयव्हरमेक्टिनपुरता नाही. डोरामेक्टिन आणि मॉक्सिडेक्टिन ही त्याची भावंडे मोठ्या डोसात तोच त्रास देतात. कुत्र्याला शांत करण्यासाठी वापरतात ते अॅसेप्रोमाझिन आणि ब्युटॉर्फेनॉल या कुत्र्यांत अधिक गुंगी आणते, म्हणून डोस कमी करावा लागतो. घरोघरी असते ती जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी, जी माणसाला निर्धास्त दिली जाते, ती संवेदनशील कोलीला मालकाने प्रेमापोटी दिली तर तो आयव्हरमेक्टिनसारखाच गुंगून पडू शकतो. आणि सर्वांत काळजीचे म्हणजे व्हिन्क्रिस्टिन. भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी जननेंद्रियाची गाठ आपल्याकडे सर्रास आढळते आणि तिच्यावर हेच औषध दिले जाते. जनुकाची एकच सदोष प्रत असलेल्या कुत्र्यातही त्याने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. शेतावरच्या कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक वाट विसरली जाते, ती म्हणजे नुकतेच औषध दिलेल्या गुराघोड्यांचे शेण खाऊनही कोलींना बाधा झाल्याच्या नोंदी परदेशात आहेत.

येथे एक खबरदारी सांगणे मला आवश्यक वाटते. औषध दिले आणि नंतर काही झाले, म्हणून ते औषधामुळेच झाले असे ठरत नाही. तक्रार ही तक्रार असते, पुरावा नव्हे. समाजमाध्यमांवर 'अमुक गोळी दिली आणि कुत्रा गेला' असे संदेश फिरतात, त्यांमुळे घाबरून लोक गोचिडांवरचे उपचारच बंद करतात आणि मग कुत्रा गोचीडतापाने मरतो, हेही मी पाहिले आहे. परंतु अफवा आणि नोंद यांतला फरकच व्यवस्थेमुळे पडतो. गोचिडांवरच्या फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर या नव्या गोळ्यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या वापरानंतर काही कुत्र्यांना थरथर आणि झटके आल्याच्या तक्रारी अमेरिकेत औषध प्रशासनाकडे जमा झाल्या, त्यांची छाननी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्या प्रशासनाने जाहीर सूचना काढली. औषधे बाजारातून गेली नाहीत, पण झटक्यांचा पूर्वेतिहास असलेल्या कुत्र्याला ती देताना डॉक्टरने आणि मालकाने विचार करावा, हे छापील स्वरूपात आले. गंमत अशी की एमडीआर-१ चा दोष असलेल्या कोलींवर फ्लुरालॅनर तपासले गेले असून त्यांना ते चालते. म्हणजे जो कुत्रा एका औषधाने मरणाच्या दारी जातो त्याला दुसरे निर्धास्त देता येते, आणि हे कळण्यासाठी जातवार नोंदीच लागतात.

माणसांच्या औषधांबाबत आपल्या देशात अशी व्यवस्था २०१० पासून उभी आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे तिचे समन्वयन आहे, तिचा छापील फॉर्म आहे, आणि तो डॉक्टरच काय, स्वतः रुग्णही भरू शकतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या टेबलावर मात्र जनावरांसाठी असा फॉर्म मी नोकरीत असेपर्यंत कधी पाहिला नाही. जनावरांच्या औषधाचे दुष्परिणाम न पाहण्याची किंमत आपण गिधाडांच्या रूपाने मोजलेली आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मरत असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर आभाळ जवळजवळ मोकळे झाले होते.

यासाठी मोठा निधी किंवा नवे महामंडळ नको आहे. पुण्यातील पशुसंवर्धन आयुक्तालयाने एक पानी मराठी फॉर्म तयार करावा, तो राज्यातील सर्व पशुवैद्यकीय दवाखान्यांत आणि खासगी पशुवैद्यकांकडे ठेवावा, आणि भरलेले फॉर्म नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे जावेत. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या जुन्या संस्थेत जर्मन शेफर्डसह मेंढपाळी जातींच्या जनुकतपासणीची सोय सवलतीत झाली, तर सुरुवातीलाच उपयोगी माहिती हाती येईल. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना या चाचणीला पुरतो. आपल्या मातीतल्या कारवानी कुत्र्याचाही यात विचार व्हावा. ग्रेहाउंडसारखी सडपातळ, चरबी नसलेली कुत्री थायोपेन्टोनच्या भुलीतून फार उशिरा बाहेर येतात, हे पशुवैद्यकांना जुन्या काळापासून माहीत आहे. लातूर-सोलापूरकडचा कारवानी त्याच बांध्याचा आहे, तेव्हा त्याच्या भुलीच्या नोंदी जपून ठेवल्या तर पुढच्या पिढीतील डॉक्टर दुवा देतील.

आणि शासनाचा फॉर्म येईपर्यंत कुत्रा पाळणाऱ्यांनी एवढे करावे. पिल्लू घेताना त्याच्या वंशात कोली किंवा शेफर्ड आहे का हे ब्रीडरकडून लिहून घ्यावे, ते डॉक्टरला इंजेक्शनच्या आधी सांगावे, गाईच्या बाटलीतून कोणालाही कुत्र्याला टोचू देऊ नये, आणि औषधानंतर कुत्रा लटपटू लागला तर औषधाची बाटली किंवा वेष्टन घेऊनच दवाखाना गाठावा, कारण डॉक्टरचा पहिला प्रश्न 'काय दिले, किती दिले आणि केव्हा दिले' हाच असतो.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
सातारा जिल्हा