बाबा, तीनशेचा प्लॅन घेऊ नका

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, हे व्हॉट्सॲपवर पाठवतेय पण तुम्हाला सगळं कागदावर लागतं हे माहितीये, तेव्हा चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, गॅसच्या पुस्तकाशेजारी.

काल व्हिडिओ कॉलवर परत तेच झालं ना. आई भरल्या वांग्याचा मसाला सांगत होती आणि तोंड उघडं असतानाच तिचा फोटो झाला, मला हसू आलं, आणि पाच मिनिटांनी कॉल लागला तर ही रुसलेली, कारण तिला वाटलं मी वांग्यांना हसले. त्यात तुम्ही म्हणालात की इंटरनेट कंपनीतून फोन आला होता, शंभरचा प्लॅन तीनशेचा करा म्हणजे अडकणार नाही, आणि तुम्ही हो म्हणायच्या बेतात आहात. नका म्हणू.

मागच्या महिन्यात दोन दिवस आले होते तेव्हा मी लॅपटॉप घेऊन घरभर फिरत होते, आई म्हणाली पण, काय भूतबित शोधतेस का, तर ते मी स्पीड मोजत होते. राऊटरला वायर लावून ९४ एमबीपीएस आलं, म्हणजे सेकंदाला ९४ मेगाबिट, प्लॅनचे शंभर-तीनशे आकडे याचेच. शंभरच्या प्लॅनला हे चोख आहे. खाली हॉलमध्ये वायफायवर ४० च्या आसपास. आणि वर तुमच्या खोलीत, पलंगावर बसून, ३. कधी २. व्हिडिओ कॉल सुरळीत चालायला चार-पाच मिळाले तरी भागतं. म्हणजे कंपनी देतेय ते दारापर्यंत नीट येतंय, जिन्यात सांडतंय. गंगापूर धरण भरलेलं असताना आपल्या गच्चीतल्या टाकीत पाणी चढलं नाही तर तुम्ही मोटर बघता ना, धरणाची भिंत वाढवा म्हणून अर्ज नाही देत.

शिवाय आपला राऊटर सात वर्षांचा झालाय, त्याच्या मागचे सगळे पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा, शंभरचेच आहेत, तीनशे सोडले तरी त्यातून ९४-९५ च्या वर काही येणार नाही. बिल मात्र तीनशेचं. हे त्या फोनवरच्या मुलीला माहीत नसेल, किंवा असेलही.

आता खरी भानगड. मूळ सिडकोची खोली केवढीशी होती, वरचा मजला तुम्ही पीएफमधून कर्ज काढून चढवलात आणि स्लॅबमध्ये सळई अशी भरलीत की आख्ख्या लाइनीतली लोकं बघायला आली होती. वायफायला नेमकी तीच सळई नडते. त्यात राऊटर कुठे तर हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीच्या मागे, बाजूला लोखंडी कपाट, आणि वर आईचा क्रोशाचा रुमाल. रुमालाने सिग्नल अडत नाही गं आई, पण डबा तापतो, काढ तो. कपाट मात्र अडवतं.

जिना हा एकच रस्ता आहे जिथे मध्ये स्लॅब नाही. म्हणून राऊटर जिन्याच्या वळणावर लावायचा, जिथे कॅलेंडर आहे तिथेच, डोक्याच्या उंचीला. पांढरा डबा, ज्याला ती पिवळी वायर येते, तो जागचा हलवायचा नाही, त्या वायरीच्या आत काचेचा धागा असतो आणि आईने ती गुंडाळून रबरबँड लावलाय तो आजच्या आज काढा. पांढऱ्या डब्यापासून राऊटरपर्यंत कॅट सिक्सची लॅन केबल ओढायची, दोन्ही टोकं लावलेली रेडिमेड मिळते, एमजी रोडवर गेलात तर पंधरा मीटरची घ्या. ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते, त्यामुळे भिंतीच्या कडेकडेने नेलीत तरी काही कमी होत नाही. क्लिपा तुम्ही मारालच, ते मी अंबड एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या माणसाला काय शिकवू.

आणि बाबा, फोनमध्ये आपल्याच वायफायची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी आहे. "आपला फोन ४जी आहे" म्हणून तुम्ही त्याला हातच लावत नाही. तो ५जी सिमचा नाही हो, ५ गिगाहर्ट्झ. तो वेगवान पण भिंतीपुढे लवकर दमतो, दुसरा २.४ चा, तो लांब जातो पण तिथे गर्दी फार, आपल्या लाइनीत भिंतीला भिंत लागून घरं, मी यादी उघडली तर सतरा राऊटर दिसले. मायक्रोवेव्हसुद्धा २.४ वरच चालतो, म्हणून आईने दूध तापवायला ठेवलं की तुमचं कीर्तन अडकतं. योगायोग नाही तो! टीव्हीला ५ वालाच लावा, वर फोनला पण आधी ५ वाला, काड्या एक-दोनच दिसल्या तर परत जुना. २.४ वाल्यात रस्त्याच्या लेनसारखे चॅनल असतात, आपला गर्दीचा चॅनल मी आले की बदलते, १, ६ आणि ११ यातला जो मोकळा असेल तो.

शेजारच्या काकूंच्या मुलाला आईने पासवर्ड दिलाय ते कळलं मला. असू दे, दहावी आहे त्याची, पण त्याच्यासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करून देईन, म्हणजे मेन पासवर्ड गल्लीभर फिरणार नाही.

बंद-चालू करायचा तुमचा उपाय कधी कधी खरंच चालतो, फक्त बटण बंद करून अर्धा मिनिट थांबा. मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका, सगळं सेटिंग पुसलं जातं. आणि पांढऱ्या डब्यावर एलओएस (सिग्नल गेल्याची खूण) लिहिलेला लाल दिवा लागला तर घरात काही करू नका, वायर कुठेतरी तुटली किंवा दुमडली असणार, सिंहस्थासाठी रस्ते खोदतायत तेव्हा हे होणारच, सरळ तक्रार टाका.

रविवारी केबल ओढून झाली की वर पलंगावर बसून मला कॉल लावा. आणि आई, तू वांग्यांचं पहिल्यापासून सांग, कांदा भाजून घ्यायचा की कच्चाच वाटायचा, तिथेच अडकलं होतं.

तुमची
पोरगी